मी, परप्रांतीय शिकारी

महाराष्ट्रात होतो तोवर ‘परप्रांतीय’ हा शब्द मी कायम दुसऱ्या कुणाबद्दल तरी ऐकला. टॅक्सीवाल्याबद्दल, भेळवाल्याबद्दल, फर्निचरवाल्याबद्दल. तो कधी आपल्यालाही चिकटेल हे कळायला मला कॅनडात दहा वर्षं काढावी लागली. आणि चिकटला तोही कुठे, तर हरणाच्या शिकारीच्या परवान्यावर!

झालं असं. २०१३ साली मी नोकरीसाठी ऑन्टारिओत वॉटर्लूला आलो. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची डिग्री, हातात वर्क परमिट, आणि हिवाळ्याचा जॅकेट चुकीचा. आमच्या शेजारी एक गृहस्थ राहायचे, सडबरीकडच्या निकेलच्या खाणीतून रिटायर झालेले. त्यांनी मला बर्फ कसा उपसायचा ते शिकवलं, गाडीला स्नो टायर कधी लावायचे ते सांगितलं, आणि चार वर्षांनी एका नोव्हेंबरात स्वतःसोबत शिकारीला नेलं. त्यांचं लाकडी खोपटं एस्पानोलाच्या पुढे, मॅनिटूलिन बेटाच्या वाटेवर आहे. चार बंक, एक लाकडाची शेगडी, पाणी तळ्यातून आणायचं. सोबत त्यांचा मेहुणा, जो ट्रकचालक, आणि पुतण्या, जो प्लंबर. असा हा शाही लवाजमा.

‘आपल्या पोरानं तिकडे जाऊन हे शिकावं?’ असं आई फोनवर म्हणाली होती. तुमच्यापैकीही काही जण तेच म्हणत असतील. त्यांच्याशी वाद घालायचा नाही. एवढंच सांगतो की इथे शिकार म्हणजे बंदूक घेऊन जंगलात घुसणं नव्हे. आधी बंदूक सुरक्षिततेचा कोर्स, मग आरसीएमपीकडे परवान्याचा अर्ज. त्यावर नवरा किंवा बायको सही करते, नाहीतर पोलिस तिला कळवतात. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवस थांबावं लागतं. मग शिकारीचा वेगळा कोर्स आणि परीक्षा. बायकोनं सही केली, पण ‘मांस घरात साफ करायचं नाही’ या अटीवर. मारलेलं हरीण विकता येत नाही, खायचं किंवा वाटायचं. त्या खोपटात मी केलेला हरणाच्या मटणाचा तांबडा रस्सा त्या तिघांनी घाम पुसत पुसत संपवला होता, हे एक कोल्हापूरकर म्हणून नोंदवून ठेवतो.

आता मुद्द्याचं. ऑन्टारिओत शिकारीसाठी ‘स्थानिक’ कोण, याची व्याख्या मला पहिल्यापासून फार आवडत आली आहे. मुख्य घर त्या प्रांतात हवं आणि मागच्या बारा महिन्यांत सलग सहा महिने तुम्ही तिथे राहिलेले हवेत. संपलं. पासपोर्ट कुठला, हे विचारत नाहीत. मी वर्क परमिटवर असतानाही सहा महिन्यांनंतर या बाबतीत स्थानिक होतो, आणि शेजारच्या मॅनिटोबात जन्मलेला, सात पिढ्यांचा कॅनेडियन तिथे बाहेरचा. आपल्याकडे डोमिसाइलसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे कागद घेऊन तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला हे केवढं अप्रूप वाटेल!

पण हीच व्याख्या उलटीही फिरते. २०२३मध्ये नोकरी बदलली आणि आम्ही कॅलगरीला, म्हणजे अल्बर्टात आलो. त्याआधी मी कॅनडाचा नागरिकही झालो होतो. म्हणजे परका होतो तेव्हा ऑन्टारिओत स्थानिक, आणि कॅनेडियन झालो तेव्हा परप्रांतीय! त्याच खोपट्यात, त्याच बंकवर झोपून, त्याच हरणामागे जायचं तर आता परवान्याला चौपटीहून जास्त पैसे.

माझी याबद्दल तक्रार आहे का? खरं सांगायचं तर नाही. बाहेरच्याकडून जास्त घ्यावेत, असंच माझं मत आहे. इथे वन्यजीव हा प्रांतांचा विषय. जंगलखात्याची माणसं, रस्ते, पाहणी, सगळा खर्च प्रांताच्या करातून होतो आणि जनावरांचा त्रासही तिथल्याच लोकांना. अल्बर्टात एल्क, म्हणजे आपल्या सांबराच्या जातीचं पण त्याहून मोठं हरीण, कडाक्याच्या थंडीत कळपानं येऊन शेतकऱ्याच्या वैरणीच्या गंजी फस्त करतं. राधानगरी तालुक्यात माझ्या चुलत्याच्या उसात गवे घुसतात तेव्हा तो रात्रभर डबे वाजवत बसतो. दाजीपूरला गवा बघायला येणाऱ्या पर्यटकाला त्यातलं काही सोसावं लागत नाही. ज्याच्या उसात गवा, त्याला थोडी सवलत, यात वाईट काय?

शिवाय पैसा कुठे जातो हे इथे बऱ्यापैकी दिसतं. ऑन्टारिओत परवान्यांचं उत्पन्न सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत विरघळत नाही. त्याचं वेगळं खातं आहे आणि कायद्यानं ते मासे व वन्यजीवांच्या व्यवस्थापनावरच खर्च करायचं. ब्रिटिश कोलंबियात प्रत्येक परवान्यावर अधिभार असतो, तो अधिवास जपणाऱ्या संस्थेकडे जातो. अल्बर्टातही तशीच व्यवस्था. बदकं आणि हंसांचं तर आणखी मजेशीर. ते पक्षी सीमा मानत नाहीत म्हणून १९१६मध्ये कॅनडाच्या वतीनं ब्रिटनने अमेरिकेशी करार केला आणि तो विषय केंद्राकडे गेला. परिणाम असा की स्थलांतरित पक्ष्यांचा केंद्राचा परवाना देशभर एकच. साडेआठ डॉलरचा परवाना आणि अधिवासासाठी साडेआठ डॉलरचा स्टॅम्प. बदकापुरता मी अजून परप्रांतीय झालेलो नाही.

तर मग हा लेख कशासाठी? माझा कॉलेजचा एक मित्र डेन्व्हरला असतो. माझ्याच नादानं तो या भानगडीत पडला. डेन्व्हर कोलोरॅडो राज्यात, पण वायोमिंगची हद्द तिथून गाडीनं दीड तासावर. त्याला वायोमिंगमध्ये एल्कची शिकार करायची आहे. तिथल्या रहिवाशाला एल्कचा परवाना ५७ डॉलरला मिळतो. बाहेरच्याला साधा परवाना सातशे डॉलरच्या आसपास. इथपर्यंत ठीक, बारा पट तर बारा पट. पण बाहेरच्यांसाठी तिथे आणखी एक ‘स्पेशल’ परवाना आहे. तो आधी साडेबाराशेच्या आसपास होता, २०२३च्या कायद्यानं २०२४पासून १,९५० डॉलर झाला. या स्पेशलमध्ये स्पेशल काय? एल्क मोठा मिळत नाही, दिवस जास्त मिळत नाहीत. फक्त सोडतीची चिठ्ठी वेगळ्या डब्यात पडते. बाहेरच्यांच्या वाट्यातले ४० टक्के परवाने त्या डब्यातून काढतात, आणि महागामुळे त्यात चिठ्ठ्या कमी असल्यानं नंबर लागण्याची शक्यता जास्त.

मित्र म्हणाला, “अरे, हे तर व्हीआयपी दर्शनाच्या पासासारखं झालं.” मला त्याहून नेमकं बोलता येणार नाही.

इथे माझं गाडं अडतं. दर जास्त असणं वेगळं आणि नशीब विकत मिळणं वेगळं. पहिल्यात राज्य म्हणतं, तू बाहेरचा आहेस, तुझा वाटा जरा जास्त उचल. दुसऱ्यात म्हणतं, बाहेरच्यांमध्येही खिसा बघून रांग लावू. वायोमिंगमध्ये यावर आणखी एक कडी आहे. तिथल्या राखीव रानात, म्हणजे जिथे रस्तेही नाहीत अशा मुलखात, बाहेरचा माणूस पायी भटकू शकतो, तंबू ठोकू शकतो, मासे पकडू शकतो, अस्वलाचे फोटो काढू शकतो. पण मोठ्या जनावराच्या शिकारीला गेला की त्याला गाइड किंवा परवानगी घेतलेला स्थानिक सोबती सक्तीचा. कारण देतात सुरक्षिततेचं. फोटो काढणाऱ्याला अस्वल ओळखून सोडून देतं की काय, कोण जाणे.

कॅनडा यात मागे नाही, उलट दोन पावलं पुढे आहे. ब्रिटिश कोलंबियात मोठ्या जनावरासाठी परदेशी माणसाला गाइड लागतोच. दुसऱ्या प्रांतातल्या कॅनेडियनला निदान स्थानिक ओळखीचा माणूस वेगळं परमिट काढून सोबत नेऊ शकतो. न्यूफाउंडलंडला मूसच्या शिकारीला बाहेरच्यानं जायचं तर शिकारीची सोय करून देणाऱ्या परवानाधारक धंदेवाल्यामार्फतच. (तिथला मूस स्वतःच परप्रांतीय. १९०४मध्ये न्यू ब्रन्सविकहून चार आणून सोडले, त्यांची ही प्रजा.) परवान्याचे काही शे डॉलर हा त्यात चिल्लर खर्च. गाइड, विमान, मुक्काम धरून आकडा हजारांत जातो. ब्रिटिश कोलंबियात २०१५च्या सुमारास याच धंदेवाल्यांचा कोटा वाढवण्यावरून स्थानिक शिकारी रस्त्यावर उतरले होते. म्हणजे बाहेरच्यांना महाग करण्यानं स्थानिकांचं भलं होतंच असंही नाही. बाहेरचा श्रीमंत असला की त्याला आत घेण्यात कुणाचा तरी फायदा असतो, आणि मग त्याच्यासाठी जागा स्थानिकाच्या वाट्यातून काढावी लागते.

मला हे इतकं का लागतं, ते सांगायचं तर आजोबांकडे जावं लागेल. कोल्हापूर संस्थानात शिकार म्हणजे राजदरबारची गोष्ट. पाळलेल्या चित्त्यांकडून काळवीट मारण्याचा शौक इथे होता, त्यासाठी चित्तेवान नेमलेले असायचे. दाजीपूरचं रान हे राखीव शिकारीचं रान. आमच्या आजोबांच्या वाट्याला त्यातलं आलं काय, तर हाकारे. पहाटे उठून पन्नास-शंभर माणसांनी डबे, ढोल बडवत, ओरडत जनावर मचाणाकडे रेटायचं. गोळी घालणारा वर, हाकारा घालणारा खाली. जनावर उलटलं तर पहिला तोच. आजोबा हे हसत हसत सांगायचे, पण त्यांनी आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नव्हती. ती धरायचा अधिकार त्यांचा नव्हताच.

स्वातंत्र्यानंतर राजे गेले, पण पैसेवाले आले. पन्नास-साठच्या दशकात मध्य भारतात शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांना वाघाची शिकार विकत होत्या. भरपूर डॉलर यायचे. त्या डॉलरांनी वाघ वाचला नाही. १९७०मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि त्या वर्षीच्या गणनेत देशभरात अठराशेच्या आसपास वाघ उरले होते. दाजीपूरचं रान त्याआधीच, १९५८मध्ये, अभयारण्य झालं होतं. जास्त किंमत लावली म्हणजे संरक्षण झालं, हा युक्तिवाद मी म्हणूनच सहज गिळू शकत नाही. संरक्षण होतं ते किती जनावरं मारायची या आकड्यानं. तो आकडा ठरला की परवाना ५७ डॉलरला द्या नाहीतर दोन हजारला, जंगलाला फरक पडत नाही. फरक पडतो तो मचाणावर कोण बसणार याला.

आणि म्हणूनच ते एस्पानोलाजवळचं खोपटं मला एवढं मोलाचं वाटतं. खाण कामगार, ट्रकचालक, प्लंबर आणि एक कोडिंग करणारा. हाकारा आणि बंदूक, दोन्ही आळीपाळीनं प्रत्येकाकडे. आजोबांना हे दाखवायला हवं होतं.

‘पण शिकार म्हणजे काही जीवनावश्यक वस्तू नाही,’ असं तुम्ही म्हणाल. अगदी हेच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७८मध्ये म्हटलं. मोंटाना राज्यातला एक गाइड आणि मिनेसोटाचे चार रहिवासी न्यायालयात गेले होते. १९७६मध्ये मोंटानाच्या माणसाला नुसता एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळायचा. बाहेरच्याला मात्र बाकीची जनावरं जोडलेला २२५ डॉलरचाच घ्यावा लागायचा. पंचवीस पट. सहा विरुद्ध तीन मतांनी ते हरले. एल्कची शिकार ही करमणूक आहे, पोटापाण्याचा हक्क नव्हे, तेव्हा राज्यानं भेद केला तर चालतो, असा निकालाचा आशय. कायद्याच्या दृष्टीनं बरोबरच असेल. पण चालतं म्हणून करावंच असं थोडंच आहे?

एका ठिकाणी मात्र मी माझंच म्हणणं मागे घेतो. नुनावूतमध्ये इनुइट वस्त्यांना ध्रुवीय अस्वलांचा ठरावीक कोटा मिळतो. काही वस्त्या त्यातले थोडे टॅग स्वतः न वापरता बाहेरच्या शिकाऱ्यांना देत आणि कुत्र्यांच्या गाडीवरून त्यांना नेत. किंमत भली मोठी. २००८मध्ये अमेरिकेनं अस्वलाचं कातडं देशात आणायला बंदी घातली आणि अमेरिकन गिऱ्हाईक गेलं. अस्वलं त्यामुळे वाचली असं नाही, कोटा तेवढाच. नुकसान झालं ते वस्तीचं. तिथे स्थानिक माणूस स्वतःचा घास स्वतःच्या मर्जीनं विकत होता. त्यानं त्याचे कितीही घ्यावेत.

या निमित्तानं ‘स्थानिक कोण’ हेही जरा बघू. १९९३मध्ये सू सेंट मेरीजवळ पॉवली नावाच्या मेटी बापलेकांनी मूस मारला. परवाना नव्हता. हिवाळ्याचं मांस म्हणून नेतोय, अशी स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी त्यांनी त्याला टॅगसारखी बांधली होती. दहा वर्षं खटला चालला आणि २००३मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा हक्क मान्य केला. मूळ निवासींच्या बाजूनं बघितलं तर मी, मॅनिटोबावाला, आणि आमचे खाणीतले शेजारी, सगळे एकाच रांगेतले परप्रांतीय. कोण सहा महिन्यांचा, कोण दीडशे वर्षांचा, एवढाच फरक.

आणि आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे? तीन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला घेऊन वेरूळला गेलो होतो. खिडकीवर भारतीयांना ४० रुपये, परदेशी पर्यटकांना ६००. माझा आणि त्याचा पासपोर्ट एकाच निळ्या रंगाचा, एकाच सरकारनं दिलेला. पण माझ्याकडे ओसीआय कार्ड, त्यामुळे मला ४०चं तिकीट. पंधरा पट फरक! तो काही बोलला नाही, कैलास लेणं बघून वेडा झाला होता. मीच ओशाळलो, आणि दुपारचं जेवण माझ्याकडून दिलं. गंमत म्हणजे त्या क्षणी मला तो फरक अन्यायाचा वाटला नव्हता, मनात आलं, ‘आपलंच आहे की हे.’

ही ‘आपलंच’ वाली भावना कायद्यात बसवता येते का? मोंटानानं बसवली आहे. राज्य सोडून गेलेल्या पण तिथेच जन्मलेल्या माणसाला बाहेरच्यांच्या परवान्यात निम्मी सवलत मिळते, आणि स्थानिक नातेवाइकानं बोलावलं तर ‘घरी ये, शिकारीला ये’ अशा अर्थाच्या नावाचा एक वेगळा परवानाही आहे. माहेरवाशिणीला अर्धं तिकीट! नोकरीपायी सतत प्रांत बदलणाऱ्या आमच्यासारख्यांच्या देशात कॅनडाच्या प्रांतांनी हे उचलायला हरकत नाही. जन्माची अट मात्र नको, नाहीतर आम्ही पुन्हा बाहेरच. पाच वर्षं स्थानिक म्हणून परवाना काढलेला असेल आणि आजही तिथला कुणी सोबत घेऊन जायला तयार असेल, तर त्याला पुढची काही वर्षं मधला दर लावा. बाकी बाहेरच्यांकडून चौपट घ्या, पाचपट घ्या. फक्त सगळ्या बाहेरच्यांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात टाका.

हा विचार ऑन्टारिओला नवा नसावा. २०२१पासून त्यांनी मूसची पद्धत बदलली. आधी पन्नासेक डॉलरचा परवाना सगळेच काढायचे, मोठ्या जनावराचा टॅग मिळो न मिळो. आता अर्जाचे १५ डॉलर, आणि नंबर लागला तरच टॅगचे पैसे, नराचे २००. ज्यानं जास्त वर्षं वाट पाहिली त्याचा नंबर आधी. दोनशे ऐकून आमच्या खोपट्यात बरीच कुरकुर झाली होती, मेहुण्यानं तर सरकारला शिव्या घातल्या. पण तिथे खिसा मोठा असल्यानं कुणी पुढे सरकत नाही, वाट बघितल्यानं सरकतो. त्या वादात मी एकटा सरकारच्या बाजूनं बोललो होतो, आणि शिक्षा म्हणून दोन दिवस पाणी मी आणलं.

डेन्व्हरच्या मित्रानं शेवटी साध्या डब्यातच चिठ्ठी टाकली. लागली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा टाकणार म्हणतो.

मी परप्रांतीय परवाना काढला, गुपचूप पैसे भरले. बायकोनं क्रेडिट कार्डाचा आकडा बघून, “एवढ्यात वर्षभराचं मटण आलं असतं,” असं म्हटलं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. विमानाचं तिकीट काढल्यावर शेजाऱ्यांना फोन केला. ते आता ब्याऐंशीचे आहेत, गुडघे बोलतात, टेकडी चढवत नाही. यंदा आपण खोपट्यातच बसून शेगडी सांभाळणार, म्हणाले, हरणाचं तुम्ही तिघं बघा. मग जरा थांबून विचारलं, “तो लाल मसाला आणतोयस ना?”

कोल्हापूरहून आईनं पाठवलेली चटणी बॅगेत आधीच टाकली आहे. दोन पाकिटं.